जुन्या गाडीत मोठे इंजिन

प्रश्न : माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीत मोठे इंजिन व मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचा आहे. इंजिन जागेत मावते. मग अडचण कुठे येईल?

उत्तर : इंजिन मावणे हा त्यातला सोपा भाग. नवे इंजिन पूर्वी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जोडलेले असेल, तर फ्लेक्स प्लेटऐवजी (ऑटोमॅटिकसाठी इंजिनाच्या मागे असलेली पातळ चकती) फ्लायव्हील (ज्यावर क्लच बसतो ते जड चाक) लागेलच. शिवाय क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला पायलट बेअरिंगसाठी योग्य मापाचे छिद्र आहे का, हे गिअरबॉक्स विकत घेण्यापूर्वीच मोजून पाहावे, कारण अनेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाकडून शक्ती आत घेणाऱ्या दांड्याचे) टोक त्याच बेअरिंगवर टेकलेले असते. क्लच पेडल, प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याची) लांबी वगैरे ओघाने आलेच. ब्रेक आणि रेडिएटर मात्र इंजिनाच्या आधी बदलावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोंदणीपत्रातील बदलाची परवानगीही आधीच घ्यावी.