घर लख्ख ठेवणारी माणसं रस्त्यावर कचरा का टाकतात?

माझ्या मते, आपली स्वच्छता उंबरठ्यापाशी संपते. त्यापलीकडचं सगळं ‘सरकारचं’, म्हणजे कुणाचंच नाही. बाहेरचा कचरा उचलायला कुणीतरी असतंच, हेही गृहीत. ते काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादलं गेलं, हे आपण सोयीस्कर विसरतो.

जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या पाहिल्या असतील. भिंत खराब होईल म्हणून नाही, पाप लागेल म्हणून माणूस थांबतो. तोही दोन फूट सरकून पिचकारी मारतोच!

पण सगळा दोष सवयीचा नाही. अर्धा किलोमीटर चालून कचराकुंडी दिसत नसेल, तर भेळेचा कागद खिशात ठेवणारे थोडेच. सोय आणि धाक दोन्ही असले की हीच माणसं बदलतात. मेट्रोत फलाटावर थुंकणारा क्वचितच दिसतो, तोच प्रवासी लोकलच्या रुळांवर बाटली भिरकावतो.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं उदाहरण बघा. तिथे घरोघरी कचरा वेगळा करून घ्यायला लागले आणि डंपिंग ग्राउंडच्या जागी लोक फिरायला येऊ लागले. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते. तिथेही ओला-सुका एकत्र करून देणारे सुशिक्षित आहेतच. आणि तो हातांनी निवडते कचरावेचक ताई. डायपर, सॅनिटरी पॅड तरी निदान कागदात गुंडाळून द्या हो.