पाणकणीस कापलं तरी परत का येतं, आणि मुद्दाम लावायचं तर कुठे

दोन प्रश्न आलेत, दोन्ही पाणकणसाचेच, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या, लांब पात्यांच्या आणि तपकिरी कणसाच्या उंच वनस्पतीचे. एका शेतकऱ्याच्या तळ्याच्या काठाला ते माजलंय, दरवर्षी कापतात तरी पुन्हा उभं. दुसऱ्यांना गोठ्याचं सांडपाणी साफ करायला तेच लावायचंय.

कापून जात नाही कारण जीव चिखलात आडव्या पसरलेल्या खोडात असतो, आणि त्याला हवा पोचते ती पात्यांमधल्या पोकळ्यांतून, अगदी सुकलेल्या ठुटातूनसुद्धा. म्हणून पाण्याच्या वर कापलं की मेहनत फुकट. कणीस निघायच्या सुमाराला खालचा अन्नसाठा कमी झालेला असतो, तेव्हा पाण्याखाली कापा आणि ठुटं नंतरही बुडालेलीच राहतील हे बघा, मग हवेवाचून सडतात. जाळून उपयोग नाही, खोड खाली सुरक्षितच राहतं. कणसं पिकून कापूस उडायच्या आत काढा, एकेका कणसात लाखाच्या वर बी असतं आणि ते उघड्या ओल्या चिखलात पटकन रुजतं, तळं अर्धवट आटवून ठेवलं तर तुम्हीच रोपवाटिका केली म्हणायची.

पण माझ्या मते खरं दुखणं वरून वाहून येणारं खत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या मोठ्या पाणथळीत असंच झालं, शेतांमधून फॉस्फरस आला आणि तिथलं मूळचं सॉग्रास नावाचं गवतासारखं झाड मागे पडून मैलोन्‌मैल पाणकणीसच झालं. नैसर्गिक पाणथळीत पाणी चढतं-उतरतं, त्यामुळे लव्हाळा, देवनळ, कमळ असे सगळे आपापल्या खोलीला टिकतात. पाणी कायम एका पातळीला आणि वर खताचा खुराक, मग दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही. शेत आणि तळ्यामध्ये गवताचा पट्टा ठेवा.

आता सांडपाणीवाले. लावा, पण नैसर्गिक पाणथळीत घाण सोडून नाही, अस्तर टाकलेला वेगळा वाफा करा. बरंचसं काम झाड नाही, मुळांभोवतीचे बॅक्टेरिया करतात, मुळाजवळ हवा असते तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं आणि हवा नसलेल्या गाळात त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. फॉस्फरस मात्र उडत नाही, गाळात साठतो, तो गाळ कधीतरी उपसावाच लागतो. शेण आधी टाकीत बसू द्या, थेट सोडलं तर वाफा तुंबणारच. कोंब असलेले खोडाचे तुकडे लावा, सुरवातीला पाणी उथळच ठेवा, कोंब बुडाले तर जगायचे नाहीत. आणि कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर कापलेला पाला जनावरांना अजिबात घालू नका.