वाचकांचे प्रश्न: नॅशनल्सच रद्द झाल्या, मग त्या वर्षाचं काय?

या वेळी स्केटिंगबद्दल तीन पत्रं आली, तिन्ही वडोदऱ्याचीच, म्हणून एकत्र घेतलीयत.

प्रश्न: माझी लेक-जावई कॅनडात असतात. नात लहानपणापासून फिगर स्केटिंग (बर्फावरचं) करायची. २०२१ च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरला त्यांच्या नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा होत्या, त्या करोनामुळे रद्द झाल्या. त्या वर्षी तिचा नंबर लागणार अशी घरात सगळ्यांना आशा होती. नंतर तिने स्पर्धाच सोडल्या, आता कॉलेजात आहे. परवा व्हिडीओ कॉलवर मी सहज म्हटलं, अमेरिकेत तर झाल्या होत्या गं, तर उठूनच गेली. एवढ्या वर्षांनी पण? आता तिच्याशी बोलू तरी काय?
— एक आजी, दांडिया बाजार

उत्तर: आजी, तुम्ही वाईट हेतूने बोलला नाहीत हे तिलाही माहितीय, पण बोट नेमकं दुखऱ्या जागी लागलं. कारण हाच प्रश्न तिने स्वतःला कितीतरी वेळा विचारला असणार. अमेरिकेची स्पर्धा आधी सॅन होजेला ठरली होती, ती लास वेगासला हलवली आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रेक्षकांशिवाय, सगळ्यांना बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कुणाशी संपर्क येऊ न देता, ठेवून उरकली. जपानने डिसेंबर २०२० मध्ये नागानोला घेतली. कॅनडानेही हातपाय मारले नाहीत असं नाही, नॅशनल्सच्या आधीची चॅलेंज नावाची निवड स्पर्धा त्यांनी व्हर्च्युअल घेतली, म्हणजे मुलांनी आपापल्या भागातच प्रोग्रॅम (गाण्यावर बसवलेला स्केटिंगचा नाच) करायचा, त्याचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि जजेस ते स्क्रीनवर बघून मार्क देणार. पण ८ ते १४ फेब्रुवारीची व्हँकुव्हरची मुख्य स्पर्धा शेवटी रद्द झाली ती झालीच.

मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. एवढ्या मोठ्या देशाच्या कानाकोपऱ्यातून पोरं, कोच, आईबाप विमानात बसवून एका शहरात आणायचे, तेही त्या दिवसांत, ही जोखीम मीही घेतली नसती. पण निर्णय बरोबर असला तरी पोरांचं नुकसान झालंच ना, आणि तुझं नुकसान झालंय हे त्यांना कुणी म्हटलंच नाही, जो तो आपला "पुढच्या वर्षी होईल" म्हणून मोकळा.

या खेळात पुढचं वर्ष म्हणजे काय ते सांगते. स्केटिंगच्या उड्यांत अ‍ॅक्सल ही एकच उडी अशी की ती पुढे तोंड करून मारतात आणि उतरतात मात्र मागे तोंड करून, म्हणून साधी अ‍ॅक्सलसुद्धा दीड गिरकीची आणि ट्रिपल म्हणजे साडेतीन. हात छातीशी कधी ओढायचे, खांदे कधी उघडायचे याचा हिशोब डोक्यात नसतो, अंगात बसलेला असतो. चौदा-पंधराव्या वर्षी उंची वाढते, कंबर भरते आणि तो हिशोब पार विस्कटतो, तेव्हा रोज बर्फावर जाऊन तो परत बसवावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच रिंकं बंद. उघडली तर थोडे दिवस, की परत बंद. कित्येक मुलींच्या उड्या त्या मधल्या काळात गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत, यात आळस-बिळस काही नाही हो.

तेव्हा अमेरिकेचा, जपानचा विषय नको. तिला म्हणा, त्या वर्षीचा तुझा प्रोग्रॅम मला बघायचाय. गाणं कुठलं घेतलं होतंस, ड्रेस कसा शिवला होता, तो घालायला तरी मिळाला का. रेकॉर्डिंग असेल तर दोघी मिळून बघा, तिला थांबवून थांबवून विचारा ही कुठली उडी, ही कुठली. लगेच नाही बोलली तर घाई करू नका, आठ-पंधरा दिवसांनी परत विचारा.

प्रश्न: माझी मुलगी रोलरवर, म्हणजे चाकांच्या स्केट्सवर, आर्टिस्टिक स्केटिंग करते. लॉकडाऊनमध्ये स्पर्धा नाहीत, रिंक बंद, अगाशीवर खडूने गोल काढून प्रॅक्टिस करायची बिचारी. परत सुरू झालं तोवर वयोगट बदलला, मोठ्या मुलींसमोर तिचा निभाव लागेना. अजून मेडल नाही. तिचे पप्पा म्हणतात, दहावी आली, बास झालं. ती ऐकत नाही. काय करू?
— एक आई, कारेलीबाग

उत्तर: ताई, वयोगटाच्या बाबतीत मला अगदी स्पष्ट वाटतं. ज्यांच्या स्पर्धाच झाल्या नाहीत त्या मुलांना जुन्या गटात एक संधी जास्तीची द्यायला हवी होती, सगळीकडे, बर्फावर काय नि रोलरवर काय. वय नियमाप्रमाणे पुढे सरकत राहिलं आणि स्पर्धा जागच्या जागी थांबल्या, हा मुलांवर अन्यायच.

आता पुढचं बघू. ती अगाशीवर गोल काढायची हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण बर्फावरच्या स्पर्धांतून हे गोलांवरचे फिगर्स १९९० नंतर काढून टाकले पण आपल्या रोलरवाल्यांनी ते टिकवलेत. त्यात उंचीचा, ताकदीचा प्रश्न फारसा येत नाही, चाकं रेषेवरून हलता कामा नयेत एवढंच, पाय न थरथरता, एकाच एजवर (स्केटच्या एकाच बाजूवर झुकून), पूर्ण गोल. तुमच्या लेकीने नकळत त्याचीच तयारी केलीय. फ्रीस्टाइलच्या उड्यांत मोठ्या मुलींच्या मागे धावण्यापेक्षा कोचला सांगा, एक सीझन फिगर्सवर भर द्या. आणि पप्पांना सांगा, दहावीच्या वर्षी स्पर्धा कमी करा हवं तर, पण संध्याकाळचा तासभर स्केटिंग राहू द्या, ते काढून घेतलं म्हणून पोर पुस्तक घेऊन बसेल असं काही नसतं.

प्रश्न: नॅशनल्स झाल्याच नाहीत तर कॅनडाने वर्ल्डसाठी (जागतिक स्पर्धेसाठी) टीम कशी पाठवली? आणि आपल्याकडे रोलरवरून बर्फावर जाता येतं का?
— कॉलेज विद्यार्थी, रावपुरा

उत्तर: आधीची कामगिरी आणि ते व्हर्च्युअल वगैरे जे काही झालं होतं ते बघून टीम निवडली. मार्च २०२१ ची वर्ल्ड स्टॉकहोमला रिकाम्या स्टेडियममध्ये झाली (त्याच्या आदल्या वर्षीची माँट्रियलची तर सुरू व्हायला पाच दिवस असताना रद्द झाली होती). तिथे कॅनडाचा कीगन मेसिंग सहावा आला आणि मॅडलिन शिझास पहिल्याच वर्ल्डमध्ये तेरावी. जपानचा युझुरू हान्यू, दोनदा ऑलिंपिक जिंकलेला, तिसरा आला, त्या सीझनमध्ये त्याचे कोच टोरंटोला आणि तो सेंदाईत एकटाच प्रॅक्टिस करत होता, हे लक्षात ठेवून ते तिसरेपण बघ.

बर्फावर जाता येतं, आपल्याकडचे बरेच जण तसेच गेलेत. तोल, एज, गिरकी हे सगळं कामाला येतं, ब्रेक मात्र नव्याने शिकावा लागतो, आणि रोलरचा टो-स्टॉप (पुढचा रबरी ब्रेक) अन् बर्फावरच्या ब्लेडच्या पुढचे दात यांची सवय वेगळी. शिमल्याला हिवाळ्यात उघड्यावरचं नैसर्गिक बर्फाचं रिंक असतं. देहरादूनचं २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेलं, मग वर्षानुवर्षं बंद होतं, २०२५ मध्ये परत सुरू झालं. निघायच्या आधी फोन करून रिंक चालू आहे ना ते विचार, मगच तिकीट काढ.