एका दिवसाचा सिटी पास: चौघांसाठी घ्यावा का?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा एक दिवस मोठ्या शहरात फिरणार आहोत, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. टॉवर, मत्स्यालय, विज्ञान संग्रहालय, बोटीची फेरी आणि उघड्या छताची बस अशा पाच गोष्टी एका पासमध्ये मिळतात. सुट्या तिकिटांपेक्षा २९ टक्के बचत होते असं जाहिरात सांगते. आजच घेतला तर वर १० टक्के सूट, आणि हप्त्यांची सोयही आहे. घ्यावा का? (दरपत्रक जोडलं आहे.)

उत्तर: चौघांसाठी नका घेऊ.

तुम्ही पाठवलेले दर सोयीसाठी एका मापात बसवले आहेत: मोठ्या माणसाचा पास म्हणजे १००. त्या हिशेबात मुलांचा पास प्रत्येकी ७०, म्हणजे चौघांचे ३४०. सुटी तिकिटं मोठ्यांना अशी पडतात: टॉवर ४०, मत्स्यालय ३६, बस ३६, संग्रहालय २४, बोट २४. बेरीज १६०. मुलांना अर्धं तिकीट.

जाहिरातीतले २९ टक्के कुठून आले ते आता कळतं. १६० दोनदा आणि ८० दोनदा मिळून ४८०; त्यातून ३४० वजा. गणित बरोबर, पण दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत’ असं पाचही ठिकाणांपुढे लिहिलं आहे. म्हणजे मुलाचे ८० धरायचेच नाहीत. पास मात्र त्याच्यासाठी ७० मागतो, कारण पासवाल्यांच्या लेखी मूल तिसऱ्या वर्षापासून ग्राहक. खरी तुलना ४०० विरुद्ध ३४०, म्हणजे बचत १५ टक्के. तीही पाचही ठिकाणं झाली तरच. एक स्वस्त ठिकाण सुटलं, म्हणजे महागडी चारच झाली, तर सुटी तिकिटंही बरोबर ३४० पडतात.

पाच होतील का? तुमच्याकडे ५१० मिनिटं आहेत. मत्स्यालय ९०, संग्रहालय १२०, टॉवर, बोट प्रत्येकी ६०, बसची पूर्ण फेरी ९०, हे झाले ४२०. रांगा धरा: टॉवरला ४०, बोटीला २०, बाकी तिघांना दहा-दहा. झाले ५१०. यात ना जेवण आहे, ना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. लहान मुलांसोबत एका स्थलांतराला अर्धा तास सहज जातो, आणि अशी चार. जेवणाचा एक तास, शू-पाणी-खाऊसाठी दहा-दहा मिनिटांचे पाच थांबे. हे सगळं मिळवून ७४० मिनिटं होतात, म्हणजे बारा तास वीस मिनिटं. चार वर्षांचं मूल त्याआधीच खांद्यावर झोपलेलं असेल.

तीन ठिकाणं मात्र नीट बसतात. मत्स्यालय, संग्रहालय, बोट: रांगा, दोन स्थलांतरं, जेवण, थांबे धरून ४८० मिनिटं. खर्च ८४ दोनदा आणि ४२ एकदा, म्हणजे २१०. आजची १० टक्के सूट घेतली तरी पास ३०६ ला पडतो. मुलीचा टॉवरसाठी हट्ट असेल तर बोट सोडा: ५०० मिनिटं, खर्च २५०. तरीही पासपेक्षा स्वस्तच.

बस मी मुद्दाम वगळली. ‘कुठेही उतरा, कुठेही चढा’ हे ऐकायला छान वाटतं, पण अशा बस बहुतेक एकाच दिशेने गोल फिरतात. मागचा थांबा हवा असेल तर अख्खी फेरी मारावी लागते. दोन बसमध्ये बराच वेळ असेल तर उन्हात मुलांना घेऊन उभं राहणं आलं. ती प्रवासाची सोय म्हणून धरू नका.

एका परिस्थितीत पास परवडतो. सहाऐवजी पावणेआठपर्यंत थांबायची तयारी असेल, टॉवर तोवर उघडा असेल आणि मत्स्यालय, संग्रहालय आणि बोटीसोबत तोही करायचा असेल, तर पास फक्त तुम्हा दोघांचे घ्या. २०० आणि मुलीची चार सुटी अर्धी तिकिटं ६२, एकूण २६२. सगळं सुटं काढलं तर ३१०. पास माणशी असतो, कुटुंबाला एकच नियम लावायची गरज नसते. मात्र दोन अटी आधी वाचून घ्या. ‘एक दिवस’ म्हणजे पहिल्या स्कॅनपासून २४ तास की त्या तारखेच्या रात्रीपर्यंत? आणि पास असूनही वेळेचा स्लॉट वेगळा आरक्षित करावा लागतो का? गर्दीच्या जागी बहुधा लागतो, आणि स्लॉट संपले असतील तर पास असूनही बाहेरच उभं राहायचं. पासवाले ‘रांग टाळा’ म्हणतात तेव्हा टळणारी रांग बहुधा तिकीटखिडकीची असते. सुरक्षा तपासणीची आणि लिफ्टची नाही.

संग्रहालयाच्या कुटुंब-तिकिटालाही भुलू नका. दोन मोठे, दोन मुलं मिळून ६६, हे ७२ च्या तुलनेत स्वस्त दिसतं. पण मुलगा फुकट असल्याने तुमचं सुटं तिकीट ६० लाच येतं.

खरेदी करताना आधी त्या वारी कुठलं ठिकाण बंद आहे ते पाहा, कारण बऱ्याच संग्रहालयांना आठवड्याची एक सुट्टी असते. मग मत्स्यालयाचा सकाळचा पहिला स्लॉट, अधिकृत संकेतस्थळावरूनच. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा बऱ्याचदा मध्यस्थाची जाहिरात असतो आणि त्याचं शुल्क शेवटच्या पानावर उगवतं. मुलगा फुकट असला तरी त्याचं शून्य किमतीचं तिकीट बुकिंगमध्ये जोडा, नाहीतर स्लॉटच्या मोजणीत तो नसतो आणि दारात वाद होतो. वयाचा पुरावा दोन्ही मुलांचा हवा. संग्रहालय दुपारच्या जेवणानंतर ठेवा, शेवटचा प्रवेश किती वाजता ते पाहून. बोटीचं तिकीट आगाऊ काढू नका. हवा बिघडली तर फेरी रद्द होऊ शकते आणि कधीकधी परताव्याऐवजी पुढची तारीख मिळते, जी तुमच्या कामाची नाही.

हप्त्यांबद्दल: एका दिवसाच्या मजेसाठी पुढचे काही महिने देणं लावून घेऊ नका. रक्कम आज जवळ नसेल तर एक ठिकाण कमी करा, दोनही पुरतात.

पासच्या पूर्ण दरापेक्षा (३४० वजा २१०) जे १३० वाचले त्यातले ४० परतीच्या टॅक्सीसाठी बाजूला ठेवा. टॅक्सीचं भाडं गाडीमागे असतं, बस-रेल्वेचं माणशी, त्यामुळे चौघांना फरक वाटतो तेवढा पडत नाही. ५० जेवणाला वाढवा, कारण प्रेक्षणीय स्थळाच्या आतलं खाणं सहसा बाहेरच्यापेक्षा महाग असतं. उरलेले ४० भेटवस्तूंच्या दुकानासाठी, मुलीला आधीच आकडा सांगून. बाहेर पडायची वाट बऱ्याचदा त्या दुकानातूनच काढलेली असते.