सोपीव सरकार

पुण्याहून एका अनुवादक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्यापुढे स्कॉटलंडच्या राजकारणावरचा मजकूर आहे आणि एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. त्यांनी केलेलं भाषांतर असं : 'स्कॉटिश खासदाराने विकेंद्रित सरकारला सार्वजनिक धोरणांबद्दल प्रश्न केले.' मूळ इंग्रजीत 'डिव्हॉल्व्ड गव्हर्न्मेंट' असा शब्द आहे, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटने दिलेल्या अधिकारांवर स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड इथे चालणारं सरकार. 'विकेंद्रित' कानाला खटकतं, पण जिथे पाहावं तिथे तेच सापडतं, मग दुसरं काय लिहू, असं त्या विचारतात. 'खासदार' आणि 'प्रश्न केले' याबद्दलही त्यांना शंका आहे.

ताई, तुमचा कान बरोबर आहे. विकेंद्रीकरण ही प्रक्रिया झाली. 'विकेंद्रित सरकार' म्हटलं की ज्याला केंद्रच नाही असं, इकडेतिकडे विखुरलेलं सरकार डोळ्यांपुढे येतं. एडिंबरोचं, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीतलं, सरकार तसं मुळीच नाही. 1 एप्रिल 2013 रोजी याच सरकारच्या कायद्याने स्कॉटलंडमधली आठ वेगवेगळी पोलीस दलं मोडून सगळ्या देशाचं एकच दल झालं. आठाचं एक करणाऱ्याला विकेंद्रित कसं म्हणायचं?

तरी या शब्दाच्या बाजूने एक साक्ष आहे, ती लपवत नाही. वेल्श भाषेत याच गोष्टीला 'दात्गानोली' म्हणतात, आणि त्याच्या पोटात 'कानोल' म्हणजे मध्य, केंद्र हा शब्द बसलेला आहे. म्हणजे वेल्श मंडळी खुद्द आपल्या व्यवस्थेला विकेंद्रीकरणच म्हणतात. पण प्रक्रियेला. त्यावरून सरकारचं विशेषण मराठीत बनवायला गेलं की घोटाळा होतो.

'प्रांतिक सरकार' सुचेल, पण लिहू नका. स्कॉटलंडला प्रांत म्हणणं तिथल्या माणसाला झोंबतं. 1707 पर्यंत त्यांची स्वतःची पार्लमेंट होती. 12 मे 1999 रोजी नवी पार्लमेंट भरली तेव्हा ज्येष्ठ सदस्या विनी यूइंग यांनी '25 मार्च 1707 रोजी तहकूब झालेली पार्लमेंट पुन्हा भरत आहे' अशाच अर्थाची घोषणा केली होती. 'राज्य सरकार' तर वाचकाला सरळ चकवतं. महाराष्ट्राचे अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेले आहेत, दिल्लीला एका साध्या कायद्याने ते पुसता येत नाहीत. स्कॉटलंडचे अधिकार 1998 च्या कायद्यातून आले आणि त्याच कायद्यात नमूद आहे की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटचा, अधिकार अबाधित आहे. उत्तर आयर्लंडने याची प्रचिती घेतलेली आहे : 1972 मध्ये लंडनने तिथली, स्टॉरमॉन्टची, पार्लमेंट थांबवून कारभार स्वतःकडे घेतला.

मग शब्द कुठला? माझ्या मते तो मराठीत शंभर वर्षांपासून आहे, आपण विसरलो एवढंच.

1919 च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आठवा. शाळेत 'द्विदल राज्यपद्धती' म्हणून आपण त्या पाठ केल्या. प्रांताच्या कारभाराचे दोन भाग झाले. अर्थ, पोलीस, जमीन महसूल ही खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही निवडून आलेल्यांतल्या मंत्र्यांकडे. इतिहासाच्या मराठी पुस्तकांत या दोहोंना नावं आहेत 'राखीव खाती' आणि 'सोपीव खाती'. ही वाटणी ज्या नियमांनी झाली त्यांचं इंग्रजी नाव काय होतं? 'डिव्होल्यूशन रूल्स'. तोच शब्द! आणि स्कॉटलंडच्या कायद्यातही दोनच कप्पे आहेत, एक 'रिझर्व्ह्ड' आणि दुसरा 'डिव्हॉल्व्ड'. राखीव आणि सोपीव. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे भाषांतर करून ठेवलेलं आहे, फुकट.

शब्द घडलाही किती नेटका आहे. कोरणे-कोरीव, रेखणे-रेखीव, राखणे-राखीव, तसा सोपणे-सोपीव. आणि 'सोपवणे' या क्रियापदात जी खोच आहे ती 'हस्तांतरित'मध्ये नाही, 'प्रदान'मध्ये तर नाहीच. सासूने किल्ल्या सुनेकडे सोपवल्या म्हणजे घर सुनेच्या नावावर झालं असं नाही. रोजचा व्यवहार सून बघेल, वाण्याचं बिल ती भागवेल, पण किल्ल्या परत मागण्याचा हक्क सासूने सोडलेला नाही, आणि हे दोघींनाही ठाऊक असतं. वेस्टमिन्स्टर आणि एडिंबरो यांचं नातं याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही. (इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये 'खाली गडगडत येणं' असं आहे. तिथे मागे खेचायला दोरीच नाही. आपला शब्द सरस.)

दोन्हीकडची व्यवस्था अगदी एकसारखी होती असं मात्र समजू नका. मुंबईत राखीव खातं त्याच प्रांताच्या गव्हर्नरकडे राहायचं, म्हणजे एकाच घरात दोन चुली. स्कॉटलंडचं राखीव खातं थेट लंडनमध्ये. दुसरा फरक यादीचा, आणि तो मला फार बोलका वाटतो. 1919 च्या व्यवस्थेत सोपीव खात्यांची यादी केली होती, प्रांताकडचं उरलेलं सगळं राखीव. 1998 च्या कायद्यात उलट : पाचव्या परिशिष्टात राखीव विषयांची यादी आहे, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, स्थलांतर वगैरे, आणि उरलेलं सगळं सोपीव. विश्वास कोणावर किती होता ते यादी कुठल्या बाजूची केली यावरून कळतं. 'राखीव' शब्दाने आज आधी राखीव जागाच आठवतात, ही अडचण आहे खरी. 'वेस्टमिन्स्टरकडे राखून ठेवलेले विषय' असं एकदा लिहिलं की भागतं.

आता 'खासदार'. पार्लमेंट म्हणजे संसद, म्हणून तिचा सदस्य खासदार, असा हिशेब तुम्ही केला असणार. पण स्कॉटलंडमधून वेस्टमिन्स्टरला निवडून जाणारेही आहेत, खासदार ते. एडिंबरोतल्या 129 जणांना तोच शब्द दिला तर दोघांत फरक कसा करणार? हिंदीला 'विधायक' आणि 'सांसद' असे संस्कृत जोड घडवावे लागले; आपल्याकडे आम आणि खास यांना 'दार' लावून आमदार-खासदार ही झकास जोडी आहे. एडिंबरोचा तो आमदार. औपचारिक मजकूर असेल तर 'स्कॉटिश पार्लमेंटचे सदस्य' लिहा.

'प्रश्न केले' यावर थोडं थांबू या. मराठीत विचारण्याच्या पायऱ्या आहेत. 'विचारणा केली' हे कागदावरचं, थंड. 'प्रश्न उपस्थित केला' हे सभागृहातलं. 'जाब विचारला' म्हणजे आवाज चढलेला. 'जाब' हा 'जवाब'चाच आखडलेला भाऊ, पण त्यात उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही असा दम आहे. 'धारेवर धरलं' हे त्याच्याही पुढचं. तेव्हा मूळ प्रसंग कुठला ते आधी पाहा. गुरुवारी दुपारी बारा वाजता एडिंबरोत फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, उत्तरं द्यायला उभे राहतात, तिथे जाब शोभेल. वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा आली आणि विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांवर सह्या पडल्या. कार्डिफच्या सेनेडमध्ये, म्हणजे वेल्सच्या पार्लमेंटमध्ये, त्यावरून झालं ते 'विचारणा' नव्हे.

लेखी प्रश्नाची तऱ्हा वेगळी. स्कॉटलंडचा असा प्रश्न ठरावीक शब्दांनी सुरू होतो : 'टु आस्क द स्कॉटिश गव्हर्न्मेंट'. याला मराठी शोधायला लांब जायला नको, आपल्या विधानमंडळाची तारांकित प्रश्नांची यादी उघडा. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', मग 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. आणि पलीकडच्या रकान्यात ते अमर उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही'. गंमत म्हणजे आमदारांच्या युक्त्याही सारख्याच. व्हिसा हा राखीव विषय. एडिंबरोच्या सरकारला त्यावर थेट विचारता येत नाही. म्हणून तिथला आमदार विचारतो, याबाबत ब्रिटनच्या सरकारशी आपली काय चर्चा झाली? आपल्याकडे याचंच रूप : 'उक्त प्रकरणी केंद्र शासनाकडे पाठपुरावा करण्यात आला आहे काय?'

'सार्वजनिक धोरणे'मधला 'सार्वजनिक' काढून टाका. सरकारचं धोरण खाजगी नसतंच. उलट धोरण कुठलं ते मजकुरात असेल तर तेच लिहा. स्कॉटलंडने 1 मे 2018 पासून दारूला किमान किंमत ठरवून दिली, एका युनिटला (दारूतल्या अल्कोहोलचं माप) 50 पेन्स, आणि सप्टेंबर 2024 अखेरीस ती 65 केली. अशा एका ओळीने वाचकाला 'सोपीव' म्हणजे काय ते व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

वाक्य मी असं करीन : 'स्कॉटिश पार्लमेंटमधील एका आमदाराने तिथल्या सरकारला त्याच्या धोरणांबद्दल जाब विचारला.' यात 'सोपीव' कुठे गेलं? या वाक्यात ते लागतच नाही, 'तिथल्या'ने काम होतं. लेखात पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'वेस्टमिन्स्टरने सोपवलेल्या अधिकारांवर चालणारं सरकार' असं उलगडून लिहा, पुढे 'सोपीव विषय', 'सोपीव खाती' बिनधास्त वापरा. 'सोपीव सरकार' हे मी मथळ्यात घातलं खरं, पण संपादकाने भुवई उंचावली तर भांडत बसू नका. विशेषण सरकारपेक्षा खात्यालाच जास्त शोभतं.