‘सौम्य लाठीमार’ म्हणजे नेमके काय?

आंदोलनांच्या बातम्यांत हमखास भेटणाऱ्या ‘सौम्य लाठीमार’ या शब्दप्रयोगाविषयी एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. लाठीमार, लाठीहल्ला आणि लाठीचार्ज यांच्या अर्थांत फरक आहे का? लाठीमाराचे सौम्य, मध्यम, तीव्र असे प्रकार कायद्याने ठरवलेले आहेत का? आणि जमावबंदी व संचारबंदी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

‘लाठी’ हा शब्द संस्कृत ‘यष्टि’, प्राकृत ‘लट्ठि’ या वाटेने आला आहे. मराठीत आधारासाठी, गुढीसाठी, गुरे वळण्यासाठी ‘काठी’ असते आणि मारण्यासाठी किंवा मार अडवण्यासाठी ‘लाठी’ असते, ही विभागणी बऱ्यापैकी पक्की आहे. ‘लाठीमार’ हा शब्द ‘भडिमार’, ‘गोळीबार’ यांच्या पंगतीतला असून तो फक्त कृती सांगतो, ती योग्य होती की अयोग्य याविषयी काही बोलत नाही. ‘लाठीहल्ला’ मात्र बोलतो, कारण ‘हल्ला’ म्हटले की हल्लेखोर आला आणि त्याच्यामागून आगळीक आली. ‘लाठीचार्ज’मधला ‘चार्ज’ हा मुळात लष्करी शब्द आहे, आणि हुकूम मिळाल्यावर तुकडीने रांगेने चाल करून जाणे हा त्याचा अर्थ आहे. एकट्यादुकट्या शिपायाने गल्लीत गाठून एखाद्याला मारणे हे या अर्थाने ‘चार्ज’ नव्हे, तरीही बातमीत दोन्हींना तोच शब्द लागतो. चौकशी झालेली नसताना बातमी द्यायची असेल तर ‘लाठीमार’ हा तिघांतला सर्वांत प्रामाणिक शब्द आहे, असे माझे मत आहे.

आता ‘सौम्य’कडे वळू. असा प्रकार कायद्यात नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२९ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४८ असे सांगते की, बेकायदेशीर जमावाला, किंवा सार्वजनिक शांतता भंग करण्याचा संभव असलेल्या पाच किंवा अधिक व्यक्तींच्या जमावाला, कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने (तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने) आधी पांगण्याचा हुकूम द्यावा, आणि जमाव पांगला नाही किंवा हुकूम दिलेला नसतानाही न पांगण्याचा निर्धार त्याच्या वागण्यातून दिसला, तरच बळाचा वापर करून त्याला पांगवावे. येथे बळाला माप लावले आहे ते उद्देशाचे. ते पांगवण्यासाठी आणि गरज पडल्यास अटक करण्यासाठी आहे, शिक्षा देण्यासाठी नाही. म्हणून जो पाठ फिरवून पळत सुटला आहे, किंवा जो खाली पडला आहे, त्याच्यावर पडणारी लाठी कितीही हलकी असली तरी ती ‘पांगवणे’ या क्रियापदात बसत नाही. पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने १९६४ साली स्वीकारलेल्या आदर्श नियमांतही आधी स्पष्ट इशारा द्यावा, लाठी शरीराच्या मऊ भागावर मारावी आणि डोके व गळ्याजवळचे हाड शक्यतो टाळावे, असे सांगितले आहे. जखम कोठे झाली हे बातमीत आले तर ‘सौम्य’पेक्षा कितीतरी अधिक कळते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अनिता ठाकूर विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य या प्रकरणात दिलेला निकाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २००७ साली जम्मू भागातून दिल्लीकडे निघालेल्या एका मोर्चावर पोलिसांनी बळ वापरले होते. मोर्चातून दगडफेक झाली तेव्हा पोलिसांनी बळ वापरणे समर्थनीय होते, परंतु परिस्थिती आटोक्यात आल्यानंतरही ते चालू ठेवणे अवाजवी होते, असे न्यायालयाने ठरवले आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच दिवशी, त्याच जागी, त्याच पोलिसांनी केलेल्या एका कारवाईचे न्यायालयाने दोन तुकडे केले आणि दोहोंचा निवाडा वेगवेगळा दिला. ‘सौम्य’ हे एकच विशेषण संपूर्ण घटनेवर पसरले की असा तुकडा पाडण्याची सोयच राहत नाही. दगड कधी आले, इशारा कधी दिला गेला, लाठी कधी थांबली, हा क्रमच त्या बातमीचा गाभा असतो.

विशेषणापेक्षाही मला अधिक खटकते ते त्यामागून येणारे क्रियापद. ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ हे वाक्य इतके रुळले आहे की ते लिहिताना हात अडखळत नाही. पण मराठीत ‘करावा लागला’ म्हणजे दुसरा उपाय नव्हता, आणि दुसरा उपाय होता की नव्हता हाच तर कायद्याने विचारलेला प्रश्न आहे. घटनास्थळाहून आलेल्या पहिल्या बातमीतच क्रियापदाने त्याचे उत्तर देऊन टाकलेले असते. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ एवढे लिहिले तर काही बिघडत नाही. नाइलाज होता असे पोलिसांचे म्हणणे असेल तर ते त्यांच्या नावावर, ‘असे पोलिसांनी सांगितले’ या शब्दांत अवश्य द्यावे. ‘चोप दिला’, ‘लाठीचा प्रसाद मिळाला’ हे प्रयोग तर बातमीतून पूर्ण हद्दपार व्हावेत, कारण त्यांत मार खाणारा त्याच लायकीचा होता हे गृहीत धरलेले आहे. आणखी एक सवय पाहावी. बातमीच्या पहिल्या परिच्छेदात जे ‘आंदोलक’, ‘शेतकरी’ किंवा ‘विद्यार्थी’ असतात, ते लाठी उगारली जाताच ‘जमाव’ होतात. माणसे तीच असतात.

नागपूरचे उदाहरण द्यायलाच हवे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनाच्या वेळी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. पोलिसांच्या लाठीमारानंतर जी धावपळ झाली तीत ११४ जण गेले, आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. या घटनेला आजही सर्रास ‘चेंगराचेंगरी’ म्हणतात. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढ या घडणीचे शब्द मराठीत परस्परांवर केलेली कृती दाखवतात, म्हणजे लोकांनीच लोकांना चेंगरले असा अर्थ आपोआप उमटतो. मृत्यू चेंगरून झाले हे खरेच आहे, पण लोक कशामुळे पळाले, हे त्या शब्दाला सांगता येत नाही. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला मात्र ‘आदिवासी गोवारी शहीद’ हे नाव आहे, आणि शहीद हा शब्द चेंगराचेंगरीत सापडलेल्यांसाठी मराठी माणूस एरवी वापरत नाही. एकाच घटनेची ही दोन नावे शेजारी ठेवली की कोणत्या शब्दाने काय झाकले होते ते लक्षात येते.

उरला तिसरा प्रश्न. जमावबंदीत ठरावीक संख्येहून अधिक लोकांनी एकत्र जमण्यास मनाई असते, तर संचारबंदीत घराबाहेर पडण्यासच असते. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणे चूक आहे. असे मनाई आदेश ज्याखाली निघत, ते फौजदारी प्रक्रिया संहितेतील पूर्वीचे कलम १४४ आता नव्या संहितेत कलम १६३ झाले आहे. त्याखेरीज महाराष्ट्रात पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३७ खालीही मनाई आदेश निघतात, आणि जमाव व मिरवणुकांवरील असा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा अधिक चालत नाही. शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील हक्क असल्याने असा आदेश न्यायालयात तपासला जाऊ शकतो. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध धरणे धरू इच्छिणाऱ्यांच्या आड आलेला कलम ३७ खालील आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केला, आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही असेही नमूद केले. म्हणून ‘जमावबंदी मोडून आंदोलन’ असे लिहिताना आदेश कोणी, कोणत्या कलमाखाली आणि किती दिवसांसाठी काढला होता, हे त्याच बातमीत द्यावे.