भाऊ बारीक होता, तरी अटॅक का आला? आणि धाकट्याचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ३९ वर्षांचा, वजन ६४ किलो, सिगारेट नाही, दारू नाही, घर शाकाहारी. तरी राजवाड्याजवळच्या दुकानात बसल्याबसल्या अटॅक आला आणि स्टेंट घालावा लागला. "याला नशीबच म्हणायचं ना?" असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत ३५ वर्षांच्या धाकट्या भावाचीही तपासणी करायची का, हेही विचारलंय.

मी इथेच इंदूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ३१ वर्षं काम केलं. डॉक्टर नाही, पण रिपोर्ट हजारोंनी पाहिलेत. नशिबावर सोडू नका. धाकट्याची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना ५५च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो घरातल्या बाकीच्यांसाठीही धोक्याचा इशारा धरतात. म्हणजे तुमचीही तपासणी यात आलीच.

आता "बारीक" या शब्दाबद्दल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी नवजात बाळांची मापं घेतली होती. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी फारच किरकोळ, चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. हाच बांधा पुढे मोठेपणी दिसतो: हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. वजनकाट्यावर हे कळत नाही. टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषाचं माप ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचं ८०च्या आत हवं. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते.

लॅबमध्ये अशा माणसांचा रिपोर्ट ओळखू यायचा. एकूण कोलेस्टेरॉल ठीकठाक, म्हणून माणूस खूश. खाली ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेलं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घसरलेलं आणि साखर अगदी काठावर. २००४ साली ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र ५९व्या. कारणं मात्र जगभर तीच होती: तंबाखू, रक्तातली चरबी, साखर, बीपी, पोटाचा घेर, मनावरचा ताण वगैरे. आपल्याकडे ती लवकर गोळा होतात. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. यातलं काहीच दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

धाकट्याचं बीपी, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा. शिवाय लिपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) सांगून करून घ्या, ते नेहमीच्या प्रोफाइलमध्ये नसतं. ते आईवडिलांकडून येतं, खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा तपासलं तरी चालतं. ५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर आलं तर बाकी सगळं जास्त कडक सांभाळायचं. तुम्हाला स्वतःला गरोदरपणी साखर किंवा बीपी वाढलं होतं का, तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा. बायका हे विसरतात, आणि पुढच्या हृदयविकाराशी त्याचा संबंध असतो.

शाकाहाराचं म्हणाल, तर शेव, कचोरी, जलेबी हे सगळं शाकाहारीच आहे. आपले पोहे बिचारे वाफेवरचे असतात, तेल कमी. खरा भार वरच्या मूठभर शेवेचा (मीठ आणि तळण दोन्ही) आणि सोबतच्या जलेबीचा. घरीसुद्धा पोळी, भात, बटाटा यांनीच ताट भरतं, डाळ आणि भाजी कडेला. ते उलटं करा. आणि सिगारेट नसली तरी गुटखा किंवा तंबाखूचं पान आहे का, हे भावाला एकट्याला गाठून विचारा. "व्यसन नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात पुडी मी पाहिली आहे.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. २००९मध्ये यांना रात्री जेवणानंतर छातीत जड वाटलं, घाम आला. आम्ही गॅस समजून ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. पहाटे दवाखान्यात पोचलो तोवर पाच तास गेले होते. लॅबमध्ये काम करणारी मी, माझ्याही लक्षात आलं नाही. जीव वाचला, पण हृदयाचा तेवढा स्नायू कायमचा गेला. अजून एक जिना चढले की थांबतात. म्हणून सांगते, छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर १०८ला फोन करा आणि बाकी सगळ्याआधी ईसीजी काढून घ्या. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी दुखतही नाही, नुसती धाप लागते.

मोठ्या भावाच्या गोळ्यांकडे तुम्हीच लक्ष ठेवा. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर चालतात. दात काढायचा म्हणून किंवा "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीचंही तसंच: रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे, त्यामुळे ती थांबवायची नाही. स्टेंटनंतर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. लॅबच्या कागदावर "१००पर्यंत नॉर्मल" छापलेलं असेल, ते तुमच्या भावासाठी नाही.

धाकट्याला सकाळी १० ते १२ तास उपाशी ठेवून न्या. आदल्या रात्री सराफ्यात खायला जाऊ देऊ नका, ट्रायग्लिसराइड वाढलेलं येईल आणि पुन्हा रक्त द्यावं लागेल. आकडे आले की इथेच लिहा, मी पाहते.